सरकती संपर्करेषा: द्रव पृष्ठभागावरून किती घसरतो, ते मोजायचं कसं आणि गणितात बसवायचं कसं

काचेवर थेंब पसरतो, पट्टी तेलात बुडते, नळीत द्रव चढतो. अशा प्रत्येक वेळी एक रेषा पुढे सरकत असते. द्रव, घन आणि हवा तिघं जिथे भेटतात ती संपर्करेषा. ती सरकते हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. पण द्रवगतिकीत अगदी सुरुवातीला शिकवलेला नियम सांगतो की घन पृष्ठभागाला लागून असलेला द्रव जागचा हलत नाही, म्हणजेच ‘नो-स्लिप’. मग रेषा पुढे जाते कशी?

लेप देणं, छपाई, सूक्ष्मनलिका किंवा थेंबांचं सिम्युलेशन यांपैकी कशावरही काम करणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी आडवा येतो. बहुतेक जण मग ‘घसरण-लांबी (भिंतीलगतचा द्रव किती घसरतो ते सांगणारी लांबी) किती घ्यायची?’ असं विचारत सुटतात. मला विचाराल तर त्या आकड्याच्या मागे लागण्यात फार वेळ जातो आणि हाती थोडं लागतं. द्रवाचा पृष्ठभाग आणि घन यांच्यातला कोन रेषेपासून किती अंतरावर मोजलाय आणि गणिताची जाळी (सिम्युलेशनसाठी जागेचे पाडलेले तुकडे) किती बारीक आहे, या दोन गोष्टींवर निकाल जास्त अवलंबून असतो. असं का, ते पुढे आकड्यांतून दिसेलच.

आधी अडचण समजून घ्या

रेषेजवळ द्रवाचा आकार पाचरीसारखा असतो. रेषेपासून जेवढं अंतर, त्याला कोनाने (रेडियनमध्ये) गुणलं की तिथली द्रवाची जाडी मिळते. तळाचा थर भिंतीला चिकटून आणि वरचा पुढे जातोय असं धरलं, तर थरांमधली कातर म्हणजे वेग भागिले जाडी. रेषेजवळ जावं तशी जाडी शून्याकडे जाते, म्हणून कातर आणि तिच्याबरोबरचा ताण अमर्याद वाढतो. एखाद्या बिंदूपाशी ताण अमर्याद झाला तरी एकूण बल कधीकधी मर्यादित राहतं. इथे तेही होत नाही, कारण बेरीज लॉगॅरिदमने वाढते. १ मिलिमीटर ते ०.१ मिलिमीटर या पट्ट्यात जेवढं बल लागतं, तेवढंच १० नॅनोमीटर ते १ नॅनोमीटर या इवल्याशा पट्ट्यात लागतं. दशकामागून दशक (इथे दशक म्हणजे अंतरातला दहापट फरक) तेवढीच भर पडत राहते आणि बेरीज कुठे थांबतच नाही. ह्यू आणि स्क्रिव्हन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. त्यांच्या गणिताप्रमाणे नो-स्लिप शब्दशः खरं असतं, तर कुठलीही घन वस्तू द्रवात बुडवताच आली नसती.

म्हणजे कुठेतरी खालच्या टोकाला हा नियम सुटतोच. त्यावरचा सर्वांत जुना उपाय नाव्हिए यांनी १८२३ मध्ये सुचवला होता. भिंतीलगतच्या द्रवाला थोडं घसरू द्यायचं आणि घसरण्याचा वेग तिथल्या कातरीच्या प्रमाणात धरायचा. हे प्रमाण सांगणारी लांबी म्हणजे घसरण-लांबी. भिंतीजवळचा वेगाचा आलेख सरळ रेषेत भिंतीच्या आत वाढवला, की ज्या खोलीवर तो शून्याला टेकतो ती ही लांबी. स्वच्छ काचेसारख्या पाणी धरून ठेवणाऱ्या पृष्ठभागावर ती फार तर काही नॅनोमीटर असते. पाणी नाकारणाऱ्या पण गुळगुळीत पृष्ठभागावर ती दहा-वीस नॅनोमीटरच्या घरात जाते.

घसरण या अशा नॅनोमीटरभर पट्ट्यात होते. वरचा द्रव मात्र घसरत नाही, तो लोळतो. हे स्वतः बघण्यासारखं आहे. तिरक्या काचेवर मधाचा किंवा ग्लिसरिनचा जाडसर थेंब ठेवा आणि त्याच्या माथ्यावर रंगाचा बारीक ठिपका द्या. थेंब खाली सरकताना ठिपका पृष्ठभागावरून पुढच्या कडेकडे येतो, कडेशी पोचतो आणि थेंबाखाली जाऊन काचेला लागतो. डुसान आणि डेव्हिस यांनी १९७४ मध्ये अशाच ठिपक्यांवरून दाखवलं की मुक्त पृष्ठभागावरचे कण मर्यादित वेळात रेषेपर्यंत पोचून घनाला भिडतात. रणगाड्याचा पट्टा जमिनीवर जसा पडत जातो, तशी ही चाल आहे.

पहिली पायरी: तुमचा प्रश्न कुठल्या पट्ट्यात आहे ते ठरवा

काहीही मोजण्याआधी केशिका अंक काढा: श्यानता (द्रवाचा घट्टपणा) × वेग ÷ पृष्ठताण. त्याहून सोपं म्हणजे आधी पृष्ठताण भागिले श्यानता करून द्रवाचा स्वतःचा वेग काढायचा आणि मग रेषेचा वेग त्याच्या किती पट आहे ते बघायचं. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा हा वेग सुमारे ७३ मीटर प्रति सेकंद येतो (पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर, श्यानता १ मिलिपास्कल-सेकंद). ग्लिसरिनचा फक्त ४५ मिलिमीटर प्रति सेकंद. १००० सेंटिस्टोक्सच्या (हे श्यानता भागिले घनतेचं एकक) सिलिकॉन तेलाचा २२ मिलिमीटर प्रति सेकंद, कारण त्याचा पृष्ठताण जेमतेम २१ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो.

रेषा सेकंदाला १ मिलिमीटर सरकत असेल, तर पाण्यासाठी केशिका अंक ०.००००१४ आणि ग्लिसरिनसाठी ०.०२२. एकाच वेगाला हे दोन पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत. पाण्याच्या बाबतीत श्यानतेमुळे कोन फारसा वाकत नाही. तिथे पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि मळ यांचंच राज्य असतं, आणि पुढे जाणारा व मागे हटणारा कोन (दुसऱ्या पायरीत येतील) नीट मोजून वापरला तर काम भागतं. ग्लिसरिनच्या बाबतीत कोन वेगाबरोबर डोळ्यांना दिसेल इतका बदलतो. ढोबळमानाने अंक एक दशसहस्रांशाच्या वर गेला, की खालच्या सगळ्या पायऱ्या लागू होतात. एकच्या जवळ जायला लागला, तर पुढच्या कडेला हवा अडकते आणि प्रश्नच बदलतो. मागच्या कडेला पातळ थर त्याच्या बराच आधी मागे राहू लागतो, ते सहाव्या पायरीत.

दुसरी लांबी केशिका लांबी. ती पृष्ठताण आणि वजन यांची हद्द सांगते: पाण्यासाठी २.७ मिलिमीटर, सिलिकॉन तेलासाठी सुमारे १.५ मिलिमीटर. थेंब याहून लहान ठेवला तर वजन विसरता येतं.

दुसरी पायरी: पृष्ठभाग आणि द्रव

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. काच डिटर्जंटने धुवा, ऊर्ध्वपातित पाण्याने भरपूर विसळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सुकवायला कापड नको, कोरडी स्वच्छ हवा किंवा नायट्रोजन. प्लाझ्मा क्लीनर हाताशी असेल तर उत्तमच. स्वच्छतेची एक जुनी, फुकटची चाचणी आहे: काचेवर तोंडाची वाफ सोडा. वाफ एकसारखी, डागांशिवाय बसली तर काच चांगली. ठिपके, रेघा किंवा बोटांचे ठसे उमटले तर पुन्हा धुवा. स्वच्छ काच हवेतली सेंद्रिय वाफ खेचून घेते, म्हणून साफ केल्यावर काही मिनिटांतच वापरून टाकायची. सकाळी धुवून संध्याकाळी वापरलेली काच म्हणजे वेगळाच पृष्ठभाग.

सरावासाठी पाणी निवडू नका, असं मी आग्रहाने सांगेन. त्याचा पृष्ठताण जास्त असल्यामुळे कसलाही सूक्ष्म मळ पृष्ठभागावर येऊन बसतो आणि ताण घटवतो, शिवाय थेंब वाळत राहतो. ग्लिसरिन हवेतलं पाणी शोषतं आणि तापमानाला फार हळवं आहे: २० अंशांना श्यानता १.४ पास्कल-सेकंदाच्या आसपास, २५ अंशांना ती साधारण एक तृतीयांशाने कमी. थर्मामीटर शेजारी नसेल तर ग्लिसरिनचे आकडे निरर्थक. सिलिकॉन तेल या सगळ्यात शहाणं: वाळत नाही, मळाला दाद देत नाही, काच पूर्ण भिजवतं (म्हणजे थेंब पसरतच जातो, कुठल्या कोनाला थांबत नाही). त्याचा एकच दुर्गुण, एकदा सांडलं की ते टेबलभर पसरतं आणि पुढच्या प्रयोगांच्या काचा बिघडवतं. म्हणून तेलाचे प्रयोग नेहमी शेवटी, वेगळ्या ट्रेमध्ये.

अर्धवट भिजणारा पृष्ठभाग असेल तर स्थिर कोन एक नसून दोन असतात. थेंबात सुई ठेवून अगदी सावकाश द्रव भरा. पाया आधी जागचा हलत नाही, फक्त कोन वाढतो. पाया सरकायला लागला त्या क्षणाचा कोन म्हणजे पुढे जाणारा. मग द्रव ओढून घ्या आणि पाया आकसायला लागला की मागे हटणारा कोन टिपा. दोघांमधला फरक म्हणजे हिस्टेरेसिस. नेहमीच्या पृष्ठभागांवर तो दहा-वीस अंश असतो, पाचाच्या आत आला तर पृष्ठभाग फारच छान. यंग यांचं १८०५ चं समीकरण एकच समतोल-कोन देतं, पण प्रत्यक्षात तो सहसा हाती लागत नाही. नुसता थेंब टाकून मोजलेला ‘स्पर्शकोन’ या दोघांमध्ये कुठेही पडू शकतो. म्हणून एकच कोन छापलेल्या तक्त्यावर मी फारसा विसंबत नाही.

तिसरी पायरी: रेषा सरकवा आणि मोजा

यंत्र नसेल तर पसरणारा थेंब घ्या. बाजूने कोन बघायचीही गरज नाही. थेंब सपाट टोपीसारखा असतो, म्हणून घनफळ आणि पायाची त्रिज्या कळली की कोन गणिताने निघतो: ४ × घनफळ ÷ (π × त्रिज्येचा घन), उत्तर रेडियनमध्ये. वीस अंशांपर्यंत या सूत्राची चूक दोन-तीन टक्क्यांच्या आत राहते.

१००० सेंटिस्टोक्सच्या तेलाचा अर्धा मायक्रोलिटरचा थेंब सूक्ष्म-सिरिंजने स्वच्छ काचेवर अलगद टेकवा आणि वरून मॅक्रो लेन्स लावलेल्या फोनने चित्रीकरण करा. साधारण दहा-बारा सेकंदांत त्रिज्या १.२ मिलिमीटरच्या आसपास जाईल, तेव्हा कोन २१ अंश असेल. दोनेक मिनिटांनी ती १.५ मिलिमीटर होईल आणि कोन ११ अंशांपर्यंत उतरेल. त्यानंतर थेंब केशिका लांबीच्या पुढे जातो आणि वजन त्याला ढकलू लागतं, म्हणून उपयोगाची मोजमापं पहिल्या दोन-तीन मिनिटांतलीच.

त्रिज्या आणि वेळ लॉग-लॉग कागदावर मांडल्यावर चढ एक दशांश यायला हवा. हा टॅनर यांचा नियम, १९७९ चा. एक दशांश म्हणजे किती मंद? त्रिज्या दुप्पट व्हायला वेळ १०२४ पट लागतो! चढ एक अष्टमांशाकडे झुकला तर वजन शिरलंय, थेंब लहान करा. चढ सुरुवातीलाच खूप जास्त असेल तर थेंब उंचावरून पडला असणार.

इथे एक सापळा आहे आणि तो बहुतेकांना उशिरा कळतो. पुढे आपल्याला कोनाचा घन लागणार आहे, आणि कोन त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आहे. म्हणजे कोनाचा घन त्रिज्येच्या नवव्या घातावर जातो. त्रिज्या मोजताना २ टक्के चूक झाली, तर घनात १८ टक्के चूक. घनफळात १० टक्के चूक म्हणजे घनात तीस टक्क्यांहून जास्त. म्हणून मोजपट्टी काचेच्या त्याच पातळीवर ठेवून कॅमेरा जुळवा, तिरका कॅमेरा चालणार नाही. सिरिंजच्या खुणांवर विश्वास टाकण्याऐवजी वीस-पंचवीस थेंब एकाच वेळी वजनकाट्यावर टाकून सरासरी काढा.

यंत्र असेल तर पट्टी बुडवण्याची पद्धत जास्त सोयीची. स्टेपर मोटरने पट्टी ठरलेल्या वेगाने तेलात खाली जाते, बाजूने सूक्ष्मदर्शक कॅमेरा पृष्ठभागाचा आकार टिपतो. वेग आपल्या हातात असतो आणि प्रत्येक वेगाला स्थिर चित्र मिळतं. काचेच्या बारीक नळीत द्रव ढकलूनही हेच होतं. हॉफमन यांनी १९७५ मध्ये सिलिकॉन तेलांवर असेच प्रयोग केले, आणि वेगवेगळ्या तेलांचे कोन केशिका अंकावर मांडले की ते एकाच वक्रावर येतात हे दाखवलं.

कोन मोजताना रेषेपासूनचं अंतर वहीत लिहायलाच हवं. का, ते पुढच्या पायरीत.

चौथी पायरी: आलेख काढा, पण त्याला फार पिळू नका

व्होइनोव्ह (१९७६) आणि कॉक्स (१९८६) यांच्या कामातून आलेलं सूत्र असं आहे: दिसणाऱ्या कोनाचा घन = सूक्ष्म कोनाचा घन + ९ × केशिका अंक × लॉग (मोजण्याचं अंतर ÷ घसरण-लांबी). लॉग नैसर्गिक, कोन रेडियनमध्ये. सूक्ष्म कोन म्हणजे रेषेच्या अगदी टोकाशी असलेला. काच पूर्ण भिजत असेल तर तो शून्य. मोठ्या कोनांना, साधारण १३५ अंशांच्या पुढे, घनाचं हे रूप वापरू नका.

तेलात पट्टी सेकंदाला ०.१ मिलिमीटर वेगाने बुडवली असं धरू. केशिका अंक ०.००४६. घसरण-लांबी १ नॅनोमीटर घेतली तर:

रेषेपासून १० मायक्रोमीटरवर कोन सुमारे ४२ अंश,
१०० मायक्रोमीटरवर ४५ अंश,
केशिका लांबीच्या पातळीला, म्हणजे १.५ मिलिमीटरला, ४८ अंश.

पृष्ठभाग तोच, वेग तोच, द्रवही तोच. फक्त कुठे बघितलं यावरून सहा अंशांचा फरक! दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत की आधी हे अंतर विचारा. (१.५ मिलिमीटरला वजनामुळे पृष्ठभाग प्रत्यक्षात वाकलेला असतो. तिथला कोन रेषेजवळच्या आकारावरून पुढे वाढवून काढलेला आहे.)

आता घसरण-लांबी दहापट करून १० नॅनोमीटर घ्या. शेवटच्या ४८ अंशांच्या जागी ४५ येतात. दहापट बदलाला तीन अंश, एवढाच तिचा प्रभाव.

हेच उलट बाजूने मात्र अंगावर येतं. आलेखात कोनाचा घन उभ्या अक्षावर आणि केशिका अंक आडव्या अक्षावर मांडा. बिंदू सरळ रेषेत आले की चढाला ९ ने भागून लॉग मिळतो, आणि त्यावरून घसरण-लांबी. लॉग १२ च्या आसपास असतो. चढात १० टक्के अनिश्चितता असेल, तर लॉगमध्ये १.२, आणि घसरण-लांबीत तिप्पट-सव्वातिप्पट. २० टक्के असेल तर अकरापट. वरून बघितलेल्या थेंबाच्या प्रयोगात २० टक्के सहज होतात. त्यामुळे अशा आलेखावरून ‘घसरण-लांबी ३.७ नॅनोमीटर’ असं कोणी छापलं की मला हसू येतं. ‘काही नॅनोमीटर’ एवढंच प्रामाणिक उत्तर. शिवाय लॉगच्या आतल्या अंतराला थेंब, पट्टी आणि नळी यांच्यासाठी वेगवेगळा गुणक लागतो. तो विसरला तरी घसरण-लांबी तेवढ्याच पटीने चुकते.

आकडा रेणूपेक्षाही लहान आला, एक पिकोमीटर वगैरे, तर घाबरू नका आणि तो छापूही नका. चढ अपेक्षेपेक्षा जास्त आहे, म्हणजे श्यानतेशिवाय आणखी कुठेतरी ऊर्जा खर्च होतेय, एवढाच त्याचा अर्थ. ब्लेक आणि हेन्स यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार इथे कामी येतो. त्यांच्या मते रेषेवरचे रेणू पृष्ठभागावरच्या एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतात, उडीची लांबी नॅनोमीटरच्या आसपास, आणि कोन समतोलापासून जेवढा सुटतो तेवढा पुढच्या दिशेच्या उड्यांना जोर मिळतो. म्हणजे सूक्ष्म कोन स्वतःच वेगाबरोबर बदलतो. व्यवहारात दोन्ही परिणाम मिसळलेले असतात. कोन लहान आणि द्रव घट्ट असला तर व्होइनोव्ह-कॉक्स पुरेसं होतं. पातळ द्रव आणि मोठे कोन असतील तर ब्लेक-हेन्स जवळचं वाटतं. दोन्ही एकत्र बसवायचे म्हटलं तर अज्ञात संख्या इतक्या होतात की कुठलाही आलेख जुळवता येतो, म्हणून वेगाचा पट्टा किमान दोन दशकांचा, म्हणजे शंभरपट, असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

पाचवी पायरी: सिम्युलेशनमध्ये बसवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या शांतपणे होतात. प्रोग्रॅम चालतो, थेंब सुंदर पसरतो, चित्रं अहवालात जातात.

व्हॉल्यूम-ऑफ-फ्लुइड पद्धतीत (जाळीच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे चौकटीत, द्रवाचा वाटा किती ते धरून चालणाऱ्या) तुम्ही भिंतीवर नो-स्लिप लावलं तरी रेषा सरकते. कारण द्रवाचा पृष्ठभाग पुढे नेणारा वेग भिंतीवरचा नसून पहिल्या पेशीच्या मधला असतो, भिंतीपासून अर्धी पेशी वर. म्हणजे तुम्ही न सांगता अर्ध्या पेशीएवढी घसरण-लांबी वापरली जाते. जाळी बारीक केली की ती निम्मी होते, रेषेचा वेग घटतो, आणखी बारीक केली की आणखी घटतो. उत्तर कुठे स्थिरावतच नाही, कारण तळाशी तोच लॉग बसलेला आहे.

म्हणून पहिली चाचणी ही: एकच प्रश्न तीन जाळ्यांवर चालवा, प्रत्येक पुढची आधीच्या निम्मी. रेषेची जागा दरवेळी साधारण तेवढ्याच फरकाने सरकत राहिली, तर तुमचं उत्तर जाळीचं आहे, निसर्गाचं नव्हे.

यावर खरोखर नॅनोमीटरची जाळी हा उपाय फक्त नॅनोमीटर आकाराच्या प्रश्नांसाठी परवडतो. मिलिमीटरच्या थेंबासाठी मी असं करतो: नाव्हिएची अट उघडपणे लावायची, घसरण-लांबी मुद्दाम मोठी घ्यायची, समजा १० मायक्रोमीटर, आणि तिच्यात किमान चार-पाच पेशी बसतील अशी जाळी ठेवायची. पण मग भिंतीवर जो कोन द्यायचा तो सूक्ष्म कोन नसतो. तो १० मायक्रोमीटर अंतरावरचा कोन असतो. वरच्याच सूत्राने तो काढा: सूक्ष्म कोनाचा घन + ९ × केशिका अंक × लॉग (१० मायक्रोमीटर ÷ खरी घसरण-लांबी). आपल्या तेलाच्या उदाहरणात तो ४२ अंश येतो. काच पूर्ण भिजते म्हणून कोणी इथे शून्य अंश टाकले, तर रेषा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी वेगाने धावेल. वेगाबरोबर हा कोन प्रत्येक पावलाला नव्याने काढावा लागतो. जाळीनुसार कोन बदलण्याची ही युक्ती अफखामी, झालेस्की आणि बुसमन यांनी २००९ मध्ये पद्धतशीर मांडली.

केशिका अंकासाठी रेषेचा वेग घ्या. भिंतीवरच्या पेशीत प्रोग्रॅम जो वेग देतो तो थरथरतो, त्यामुळे रेषेची जागा थोड्या वेळांवर टिपून तिचा सरासरी वेग काढणं बरं.

याच्या नेमकी उलट चूकही दिसते: सूक्ष्मदर्शकाने १ मिलिमीटरवर मोजलेला ४८ अंशांचा कोन थेट २ मायक्रोमीटरच्या जाळीला द्यायचा. तसं केलं की मधल्या अंतरातलं वाकणं दोनदा मोजलं जातं. एकदा प्रयोगाने मोजलेलं असतं, दुसऱ्यांदा सिम्युलेशन स्वतः करतं.

फेज-फील्ड पद्धतीत घसरण नसली तरी रेषा पुढे जाते, कारण तिथे द्रव-हवा पृष्ठभागाला जाडी असते आणि द्रव त्यातून विसरणाने (डिफ्युजनने) सरकतो. म्हणजे पृष्ठभागाची जाडी आणि चलनशीलता (विसरण किती सहज होतं ते) हेच तिथले घसरण-लांबीचे अवतार. त्यांचे आकडे सोयीने निवडले तर वरचाच घोळ वेगळ्या नावाने होतो. याच चौकटीत च्यान, वांग आणि शेंग यांनी २००३ मध्ये एक चांगली अट दिली: घसरणीचा वेग केवळ श्यान ताणाच्या प्रमाणात न धरता, कोन समतोलात नसल्यामुळे उरणारा पृष्ठताणाचा वाटाही त्यात धरायचा. रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये रेषेजवळ जी जवळपास पूर्ण घसरण दिसते, तिच्याशी ही अट छान जुळते. त्याआधी १९८० च्या दशकाच्या शेवटी कोप्लिक आणि सहकारी, तसंच थॉम्पसन आणि रॉबिन्स यांनी रेणूंच्या पातळीवर दाखवलं होतं की नो-स्लिप मोडतं ते रेषेपासून काही रेणूंच्या अंतरातच. तुमचा प्रश्न नॅनोमीटरांचा असेल तर ही अट वापरा. मिलिमीटरचा असेल तर वरची कोन-दुरुस्ती पुरते.

सहावी पायरी: मागे हटणारी रेषा वेगळी हाताळा

आतापर्यंतचं सगळं पुढे जाणाऱ्या रेषेबद्दल झालं. पट्टी बाहेर काढताना त्याच सूत्रात केशिका अंक वजा होतो, कोन वेगाबरोबर घटत जातो, आणि एका वेगाला शून्याला टेकतो. त्यापुढे रेषा टिकत नाही, पट्टीबरोबर द्रवाचा थर वर येतो. हा उंबरठ्याचा केशिका अंक अंदाजे सूक्ष्म कोनाचा घन भागिले (९ × लॉग). इथे सूक्ष्म कोन म्हणून मागे हटणारा कोन वापरायचा. तो ६० अंश आणि लॉग १४ धरला तर उत्तर ०.००९ येतं. ग्लिसरिनसाठी हा वेग सेकंदाला ०.४ मिलिमीटर, पाण्यासाठी ६५ सेंटिमीटरच्या आसपास. कोन घनात असल्यामुळे मागे हटणारा कोन ६० वरून ३० अंशांवर आला तर हा वेग आठ पटींनी कमी होतो. पट्टी कोरडी बाहेर यावी म्हणून धडपडणाऱ्यांनी वेगापेक्षा आधी हा कोन तपासावा.

तेल काच पूर्ण भिजवत असल्याने तिथे थर नेहमीच मागे राहतो. त्याची जाडी लांडाउ आणि लेविच यांनी १९४२ मध्ये दिली: ०.९४ × केशिका लांबी × केशिका अंकाचा दोन-तृतीयांश घात. सेकंदाला ०.१ मिलिमीटर वेगाने बाहेर काढल्यास ३८ मायक्रोमीटर. म्हणजे बुडवण्याचा प्रयोग पुन्हा करताना काच आधीच ओली असते आणि कोन वेगळा येतो. दर वेळी कोरडी, नवी साफ केलेली पट्टी हवी.

पाणी झटकणाऱ्या अतिखडबडीत पृष्ठभागांवर ही रीत चालवू नका. तिथे द्रव हवेच्या कप्प्यांवर टेकलेला असतो, घसरण-लांबी मायक्रोमीटरांत जाते, आणि रेषा सलग न सरकता एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारते. सरासरी वेग काढला तरी कुठल्याच क्षणी रेषेचा खरा वेग तो नसतो, म्हणून तो केशिका अंकात घालून काढलेला कोनही खरा नसतो. अशा पृष्ठभागासाठी वेगवान कॅमेरा लावून उड्यांमधलं अंतर आणि प्रत्येक उडीआधीचा कोन मोजा.